फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर बोटीला नेमका कुठे बसवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: ३२ फुटी फायबरची बोट, आत बसवलेलं डिझेल इंजिन, चाल सात-आठ नॉट (ताशी सागरी मैल). फिशफाइंडरचा, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासळी दाखवणाऱ्या मशीनचा, ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि परत घेणारा भाग) मागच्या पाटीवर, बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, ब्रॅकेट मारून लावला आहे. बोट नांगरावर असताना तळ स्वच्छ दिसतो. चालायला लागली की पडद्यावर नुसता कचरा, आणि पाच नॉटच्या पुढे खोलीचा आकडाच गायब. मशीन बदलावं का? शिवाय खाडीत वापरायच्या १८ फुटी आउटबोर्ड (इंजिन बाहेर, पाटीवर टांगलेल्या) होडीलाही एक लावायचा आहे, तो कुठे?

मशीन बदलू नका. दुसरं, दुप्पट किमतीचं मशीन याच जागेवर लावलंत तरी हाच कचरा दिसेल, फक्त जास्त रंगांत. जागा चुकली आहे.

ट्रान्सड्यूसरचा खरा शत्रू हवा आहे. ध्वनी पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने जातो, पण पाणी संपून हवा सुरू होते तिथे तो जवळजवळ सगळाच्या सगळा मागे फिरतो. त्यामुळे ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून बुडबुड्यांचा बोटभर जाडीचा थर जात असला तरी खालच्या तळाला आवाज पोचतच नाही. पोचला तर परत येत नाही. नांगरावर बुडबुडे नसतात म्हणून चित्र चांगलं दिसतं. तुमच्या वर्णनातली हीच गोष्ट सांगते की मशीन, केबल आणि ट्रान्सड्यूसर तिन्ही ठीक आहेत.

आता पाटीवरच का बिघडतं ते बघा. इंजिन आत असलेल्या (इनबोर्ड) बोटीत पंखा, म्हणजे प्रॉपेलर, पाटीच्या पुढे, तळाखाली फिरतो आणि त्याच्या मागे सुकाणू असतं. म्हणजे पाटीवर लावलेली कुठलीही वस्तू पंख्याने घुसळलेल्या पाण्यातच येते. मग ती डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, वीतभर खाली घ्या, फरक पडला तरी नावापुरता. पाटीवरचा ट्रान्सड्यूसर आउटबोर्डवाल्यांसाठी आहे, कारण तिथे पंखा ट्रान्सड्यूसरच्याही मागे असतो. दुकानात स्वस्त पडतो आणि बोट वर न काढता लावता येतो, म्हणून तो आपल्याकडे ट्रॉलरच्या पाटीवरही ठोकला जातो. इनबोर्ड बोटीला ती जागा नाहीच.

खात्री करायची असेल तर भोक पाडण्याआधी एक साधी चाचणी घ्या. ट्रान्सड्यूसर काढून एका जाड पाइपच्या टोकाला पक्का बांधा, पाइप बोटीच्या मध्याजवळ कडेला उभा आवळा, तोंड तळाच्या खाली हातभर जाईल असं बघा आणि समुद्र शांत असताना चार-पाच नॉटने चालवा. इथे तळ नीट दिसला तर वाद मिटला. त्याहून जास्त वेगाने चालवू नका. पाइप थरथरायला लागला की त्याच्याच मागे फेस तयार होतो आणि चाचणीला अर्थ राहत नाही.

तुमच्या बोटीसारख्या, पाणी कापत चालणाऱ्या पण पाण्यावर न उचलल्या जाणाऱ्या बोटीसाठी जागा अशी: पाण्याच्या रेषेवरची लांबी घ्या आणि नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, तिचा साधारण तिसरा हिस्सा मागे या. ३२ फुटी बोटीची पाण्यावरची लांबी २८ फूट, म्हणजे साडेआठ मीटर धरली, तर नाळेपासून सुमारे २.८ मीटर. पठाणापासून (तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या कण्यापासून) बाजूला १५ ते ३० सेंटिमीटर. याच्या पुढे गेलात तर लाटेवर नाळ उचलली की ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर येतो किंवा नाळेने ओढून घेतलेली हवा थेट त्याच्या तोंडाखाली जाते. फार मागे गेलात तर इंजिनाचा आवाज, शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) आणि पंखा. बुटक्या, रुंद नाळेच्या बोटींत फेस तळाखाली जास्त लांबवर ओढला जातो, त्यांत थोडं मागे, अर्ध्या लांबीपर्यंत, आलेलं चालतं.

कागदावर जागा ठरली तरी तळाचं मत वेगळं असू शकतं. बोट वर काढली की धुण्याआधी तळ नीट बघा. शेवाळ आणि रंगाची झीज यांचे पट्टे पाणी कुठून कसं वाहतं ते दाखवतात. ट्रान्सड्यूसरच्या सरळ पुढे, त्याच ओळीत, काहीही नको: इंजिनाला पाणी घेणारं तोंड नको, जाळी नको, कुठला बोल्ट नको, फायबरच्या दुरुस्तीचा फुगवटा नको, तळाला लांबीने दिलेली पट्टी जिथे संपते ते टोक तर अजिबात नको. पुढचा एक अंगठ्याएवढा उंचवटा मागे दोन-तीन मीटर फेसाची दोरी सोडतो. पठाणाच्या नेमक्या मागेही नको, तिथे पाणी भोवरत असतं.

मग आत उतरा. आपल्याकडच्या बऱ्याच बोटींत तिसऱ्या हिश्श्यावर नेमका मासळीचा खण येतो, आणि तो फोमने भरून वरून फायबर मारलेला असतो. तिथे ट्रान्सड्यूसर बसवला तर नट कधीच दिसणार नाही आणि गळती लागली तर बर्फाखाली शोधत बसावं लागेल. अशा वेळी खणाच्या मागची भिंत आणि इंजिनखोली यांच्यामधली जागा घ्या, शाफ्टपासून शक्य तितकी पुढे. आवाज थोडा जास्त येईल, पण हात पोचेल. हात पोचणं ही अट मी सोडणार नाही.

कोकणात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात, ज्या बाहेरच्या मॅन्युअलमध्ये सापडत नाहीत. खाडीत नांगरलेली बोट ओहोटीला चिखलावर बसते आणि एका कुशीवर कलते. ती नेहमी कोणत्या कुशीवर कलते हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, ठाऊक असतं. ट्रान्सड्यूसर त्याच्या उलट बाजूला हवा, आणि पठाण चिखलात रुतलं तरी त्याचं तोंड टेकणार नाही इतकं वर हवं. दुसरी गोष्ट जाळ्याची. ज्या बाजूने जाळं ओढता त्या बाजूच्या तळाला काहीही बाहेर आलेलं नको. जाळ्याचा दोर अडकला की एक तर दोर तुटतो किंवा ट्रान्सड्यूसर. दोन्ही अटी एकाच बाजूला येत नसतील तर जाळ्याची अट आधी पाळा आणि चिखलासाठी ट्रान्सड्यूसरभोवती ठोकळा द्या. ठोकळा तसाही बहुतेक वेळा लागतोच.

का लागतो ते सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक काटकसर करतात. ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ खाली बघायला हवं. तळाला उतार असतो, आणि उतारावर सरळ भोक पाडून तो बसवला की तो तिरका बघतो. २०० किलोहर्ट्झचा आवाजाचा झोत साधारण १२ अंशांचा असतो. ३० मीटर पाण्यात तो तळावर सुमारे ६ मीटर रुंदीचं वर्तुळ बघतो. ट्रान्सड्यूसर २० अंश तिरका असेल तर त्या वर्तुळाचा मध्यच बोटीपासून ११ मीटर बाजूला जातो. म्हणजे बोटीच्या खाली काय आहे ते तुम्हाला दिसतच नाही, आणि तिरक्या तळावरून परत येणारा आवाजही कमजोर. ५० किलोहर्ट्झचा झोत रुंद असतो, सुमारे ४५ अंशांचा, त्यात हा दोष झाकला जातो. म्हणून "पन्नासवर दिसतं, दोनशेवर दिसत नाही" अशी तक्रार आली की आधी उतार मोजायचा. आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलिंग बहुतेक उथळ पाण्यातच चालतं, तिथे २०० चं बारीक चित्रच कामाचं. ते तिरकेपणात घालवू नका.

उतार मोजताना बोट वर कशी टेकवली आहे त्यावर जाऊ नका. ठोकळ्यांवर बोट जवळजवळ नेहमीच पुढे किंवा मागे कललेली असते. पाण्यात असताना, डिझेल आणि बर्फ भरलेला असताना, पुढे-मागे दोन्हीकडे पाण्याची रेषा खुणेने मारून ठेवा. वर काढल्यावर त्या खुणा एका पातळीत आणा, किंवा फरक मोजून हिशेबात घ्या. आणि मग पातळी लावून कोन घ्या. मोबाइलमधला कोनमापकही चालतो, फक्त तो सरळ काठीवर ठेवून वापरा.

उतार ७ अंशांपर्यंत असेल तर साधा ट्रान्सड्यूसर तळालाच लागून बसवता येतो. त्याहून जास्त असेल तर दोन रस्ते आहेत. एक, आतला आवाज सोडणारा स्फटिक आधीच तिरका बसवलेला ट्रान्सड्यूसर: १२ अंशांचा ८ ते १५ अंश उतारासाठी, २० अंशांचा १६ ते २४ साठी. यात बाहेर जवळजवळ काहीच डोकावत नाही, जाळं अडकत नाही, चिखलावर बसणाऱ्या बोटीला हा फार सोयीचा. मात्र त्याच्या वरच्या अंगाला दिशेची खूण असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवली आहे तशीच हवी. उलटी बसवली तर उतार दुरुस्त होण्याऐवजी दुप्पट होतो. दुसरा रस्ता म्हणजे लांब दांड्याचा ट्रान्सड्यूसर आणि ठोकळा. एकच ठोकळा तळाच्या उताराच्या कोनात कापायचा: एक तुकडा बाहेरून, ट्रान्सड्यूसरचं तोंड पाण्याच्या रेषेला समांतर आणण्यासाठी; दुसरा तुकडा आतून, म्हणजे नटाला सपाट बैठक मिळते. बाहेरच्या तुकड्याची पुढची कड निमुळती आणि गुळगुळीत हवी, नाहीतर हवा तयार करण्याचं काम तोच करेल. सागाचा ठोकळा करणार असाल तर भोकाच्या आतल्या कडेसकट सगळीकडून इपॉक्सी मारा.

धातू की प्लास्टिक? फायबरच्या बोटीला दोन्ही चालतं. लाकडी बोटीला प्लास्टिकचा कधीच नको. लाकूड पाण्यात फुगतं आणि भोक आवळतं, त्यात प्लास्टिकचा दांडा तडकू शकतो, आणि हा दांडा तडकला म्हणजे तळाला भोक पडलं. तिथे ब्राँझ हवा. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या तळाला मात्र ब्राँझ नको. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की तळच खाल्ला जातो. तिथे स्टेनलेस स्टीलचा, तोही तळापासून वेगळा राखणाऱ्या बुशसकट.

भोक पाडण्याचं काम जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, बोट वर असताना उरकायचं. जागा आत एकदा आणि बाहेर एकदा मोजा, आणि दोन्ही मापं एकाच ओळखीच्या ठिकाणापासून घ्या. इंजिनाच्या पाण्याच्या तोंडापासून घेतलेलं बरं, कारण ते दोन्हीकडून दिसतं. मग आतून ३ मिलिमीटरचं भोक पाडा, ठोकळा असेल तर पाण्याच्या रेषेला काटकोनात, ट्रान्सड्यूसर तळालाच लागून बसणार असेल तर तळाला काटकोनात, आणि बाहेर जाऊन बघा ते अपेक्षित जागी निघालं का. चुकलं असेल तर एवढं भोक इपॉक्सीने बुजतं. बरोबर असेल तर बाहेरून मोठं भोक पाडा, माप ट्रान्सड्यूसरबरोबर आलेल्या कागदावरून. फायबरमध्ये मध्ये फोम किंवा लाकूड भरलेलं निघालं तर थांबा. आतला थर आणि फोम भोकाच्या कडेने जास्त रुंद कोरून काढा, ती पोकळी इपॉक्सीने भरून घट्ट होऊ द्या आणि मग त्यातून भोक पाडा. हे टाळलं तर नट आवळताना फोम दबतो, सैल पडतो आणि पाणी थरांमध्ये शिरतं. बाहेरून वर्षभर काही कळत नाही.

सीलंट मरीन पॉलियुरेथेन. बाथरूमला लावतात ते सिलिकॉन इथे कामाचं नाही. दांड्यावर, ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांवर आणि तळावर भरपूर लावा. आवळल्यावर सगळीकडून सारखं बाहेर आलं पाहिजे. प्लास्टिकचा नट हातानेच आवळायचा, पान्याने नाही. लाकडी बोटीत बोट पाण्यात एक दिवस राहून फळ्या फुगल्यावरच शेवटचं आवळा. केबल कापू नका आणि जोडू नका. उरलेली गुंडाळून बांधा. बोट पाण्यात उतरली की लगेच आत बघा, तीन तासांच्या आत पुन्हा बघा आणि पहिली रात्र ती एकटी सोडू नका. थेंब-थेंब गळतीने एका रात्रीत तळात किती पाणी जमतं याचा अंदाज फार जणांना नसतो. एक छोटं काम आणखी: ट्रान्सड्यूसरच्या सरळ वर, पाण्याच्या रेषेच्या वरती, रंगाने खूण करा. पुढच्या वर्षी क्रेनने बोट उचलताना पट्टा तिथे लागायला नको.

तळाला भोक नकोच असेल तर आतून चिकटवायचा पर्याय आहे. तो फक्त एकसंध फायबरवर चालतो. मध्ये फोम, लाकूड किंवा हवा असेल तर नाही, आणि लाकडी बोटीत तर नाहीच. आवाज फायबरमधून जाताना थोडा कमी होतो, पाण्याचं तापमान नीट मिळत नाही आणि ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झचं फोटोसारखं चित्र देणारं यंत्र यातून काम करत नाही. पण साध्या २०० साठी, उथळ पाण्यात, हा पर्याय वाईट नाही. आधी जागा तपासा: प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि ट्रान्सड्यूसर घालून पिशवीचं तोंड बांधा, तळाच्या आतल्या ओल्या भागावर दाबून धरा आणि आकडा व चित्र बघा. तोच ट्रान्सड्यूसर बोटीच्या बाहेर लटकवून तुलना करा. पाच-सहा जागी करून बघा. एकाच बोटीत वीतभर अंतरावर मोठा फरक पडतो. चांगल्या जागी आतला रंग घासून फायबर उघडं करा आणि सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने चिकटवा. एकही बुडबुडा राहू देऊ नका. दाबताना थोडं फिरवा म्हणजे हवा कडेने निघते.

आता १८ फुटी आउटबोर्ड होडी. इथे मागची पाटी हीच बरोबर जागा. पंखा उजवा असेल, म्हणजे मागून बघताना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत असेल, तर उजवी बाजू घ्या, कारण तिथे पाती वरून खाली येतात आणि फेस कमी असतो. डावा पंखा असेल तर डावी बाजू. इंजिन पूर्ण वळवल्यावर पंखा जिथपर्यंत येतो त्याच्या बाहेर निदान ७५ मिलिमीटर, आणि पंख्यापासून ३८ सेंटिमीटरभर दूर राहिलेलं चांगलं. तळाच्या लांब पट्ट्यांच्या मागे नको, दोन पट्ट्यांमधल्या सपाट भागाच्या मागे हवा. तोंड तळाच्या कडेपेक्षा ३ मिलिमीटर खाली, अॅल्युमिनियमची होडी असेल तर १० मिलिमीटर. पुढची कड मागच्यापेक्षा नावापुरतीच वर ठेवा. याच्या उलट ठेवलं तर तोंडाखाली पोकळी धरते आणि वेगात चित्र जातं.

स्क्रूचं भोक बहुतेक ब्रॅकेटना ४ मिलिमीटरचं लागतं. ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवा, म्हणजे वरचा चकचकीत थर तडकत नाही. भोकात सीलंट भरून मग स्क्रू. पहिल्यांदा ब्रॅकेटच्या खाचेच्या मध्यावर ठेवा, पाण्यात चालवून बघा, वेगात चित्र गेलं तर एकेक मिलिमीटर खाली घ्या. मागे पाण्याचा फवारा उडायला लागला तर जास्त खाली गेलात. वाळूवर ओढत नेणाऱ्या होडीला वर उचलता येणारं ब्रॅकेट घ्या. नाहीतर दर महिन्याला नवीन ट्रान्सड्यूसर.

जागा बदलूनही कचरा राहिला तर तो कुठून येतो ते वेगळं काढा. बोट उभी, इंजिन बंद: चित्र स्वच्छ हवं. इंजिन चालू, गियर न टाकता फेऱ्या वाढवा. इथेच कचरा आला तर तो विजेचा किंवा इंजिनाच्या कंपनांचा आहे, जागेचा नाही. केबल ऑल्टरनेटरच्या आणि व्हीएचएफ रेडिओच्या तारांपासून दूर काढा, मशीनला वीज थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज देऊन घ्या. गियर टाकल्यावरच कचरा आला तर पंखा किंवा बुडबुडे. दुसऱ्या बोटी जवळ असतानाच तिरप्या ठिपक्यांच्या रेषा दिसत असतील तर ते शेजाऱ्याचं मशीन, तुमचा काही दोष नाही. या सगळ्यात गेन (मशीनची संवेदनशीलता) कमी करून कचरा लपवू नका. त्याबरोबर बारीक मासळीही लपते.

तोंडावर तेलाचा किंवा हाताच्या बोटांचा ओशट थर असला तरी हवा चिकटून राहते, म्हणून पाण्यात उतरवण्याआधी साबणाच्या पाण्याने पुसा. तळाला रंग मारताना ट्रान्सड्यूसरवर वॉटर-बेस्ड (थिनरऐवजी पाण्यात बनवलेल्या), ट्रान्सड्यूसरसाठी चालणाऱ्या अँटिफाउलिंगचा, म्हणजे शेवाळ-कवचं रोखणाऱ्या रंगाचा, एकच पातळ हात द्या. थिनरवाला रंग प्लास्टिक खातो. कवचं चिकटली तर लाकडी पट्टीने काढा, पत्र्याने खरवडू नका.

शेवटी मशीनमध्ये खोलीचा फरक भरा. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या रेषेखाली ७० सेंटिमीटरवर आणि पठाण त्याच्याही खाली ४० सेंटिमीटर असेल, तर मशीन दाखवतं त्यापेक्षा पठाणाखालचं पाणी ४० सेंटिमीटरने कमी आहे. उणे ०.४ मीटर भरलं की पडद्यावर थेट पठाणाखालचा आकडा येतो, अधिक ०.७ भरलं तर पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली येते. दोन्हींपैकी काय भरलं आहे ते मशीनशेजारी लिहून चिकटवा. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावरून ओहोटीत बोट घेताना दुसऱ्या कुणाच्या हातात सुकाणू असेल, तर त्याला ते आधी कळलेलं बरं.